सुट्टीतलं श्रमदान शिबिर: गाव निवडण्यापासून पावसाळ्यातल्या पाहणीपर्यंत

चाळीस विद्यार्थी सात दिवस एखाद्या वाडीवर राहतात, तेव्हा गावाचं पाणी, चूल, अंगण आणि माणसांचा वेळ असं सगळंच वापरलं जातं. त्या बदल्यात गावाच्या हाती काय पडतं, हे शिबिराच्या आठवड्यात ठरत नाही. ते आधीच्या दीड-दोन महिन्यांत ठरतं. पुण्यातल्या बहुतेक कॉलेजांत राष्ट्रीय सेवा योजनेचं एकक असतं. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली ही योजना सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास नियमित काम करायचं आणि सात दिवसांचं एक निवासी विशेष शिबिर करायचं, असा तिचा साचा आहे. पुढचा मजकूर याच सात दिवसांच्या शिबिरासाठी आहे. एककाबाहेर, मित्रमंडळींच्या गटाने जाणाऱ्यांनाही तो तसाच लागू पडतो. माणसं कमी असतील तर आकडे त्या हिशोबाने खाली आणा.

आधी गावाचं वर्ष बघा, मग कॉलेजची सुट्टी

शिबिराच्या तारखा परीक्षेच्या वेळापत्रकावरून ठरतात आणि काम नंतर शोधलं जातं. इथेच निम्मी शिबिरं फसतात. सुट्टी तुमच्या हातात नसते हे खरं, पण त्या सुट्टीत कोणत्या भागात कोणतं काम चालेल हे ठरवणं तुमच्याच हातात असतं.

दिवाळीच्या सुट्टीत ओढ्यांना अजून वाहतं पाणी असतं. पाणी अडवायचे कच्चे बंधारे घालायला हाच काळ योग्य. पण याच दिवसांत मावळ, मुळशी, भोर, राजगड (पूर्वीचा वेल्हे तालुका) या भातपट्ट्यात कापणी-झोडणीची घाई असते. सकाळी सातला सगळं गाव खाचरात गेलेलं असतं. तुम्ही ओढ्यात पोती रचताय आणि गावातला एकही माणूस सोबत नाही, असं शिबिर सुरूच करू नका. भातपट्ट्यातच जायचं असेल तर झोडणी उरकल्यावर, डिसेंबरच्या सुरुवातीला जा. मात्र तोवर ओढा वाहता राहतो का, हे आधी गावात विचारून घ्या. पुरंदरच्या बाजूला दिवाळीत बाजरी निघालेली असते, त्यामुळे तिथे माणसं मिळणं सोपं जातं.

डिसेंबर-जानेवारी हा एकूण सर्वांत सोयीचा काळ. थंडी असते, काम जास्त होतं, पाण्याची ओढाताण नसते. अडचण एकच: शाळा चालू असते, त्यामुळे मुक्कामाला वर्ग मिळत नाहीत. समाजमंदिर, देवळाचा सभामंडप किंवा ग्रामपंचायतीचं सभागृह बघावं लागतं.

मे महिन्यात शाळेची इमारत रिकामी असते, पण पाणी नसतं. पूर्वेकडच्या कोरडवाहू गावांतच टंचाई असते असा पुण्यातल्या मुलांचा समज असतो, तो खरा नाही. सह्याद्रीच्या डोंगरवाड्यांवर पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो, तो उतारावरून निघून जातो आणि एप्रिलपासून त्याच वाड्यांवर बायका हंडे घेऊन झऱ्यावर रांग लावतात. विद्यार्थी आणि सोबतची मोठी माणसं मिळून पंचेचाळीस जणांना पिणं, स्वयंपाक, अंघोळ आणि संडास यांसाठी काटकसरीने धरलं तरी माणशी २५ लिटर लागतात. म्हणजे दिवसाला सव्वाअकराशे लिटर. गावाला टँकर येत असेल तर एवढं पाणी तुम्ही गावाच्याच वाट्यातून घेणार. अशा गावात मे महिन्यात शिबिर नेऊ नका. न्यायचंच असेल तर तुमच्या पाण्याची सोय तुमच्या खर्चाने, गावाच्या स्रोताला हात न लावता करा.

शिकवण्याचं शिबिर करायची इच्छा पुष्कळांना असते. दिवाळी आणि मे महिन्यात कॉलेजला सुट्टी असते तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेलाही सुट्टीच असते, हे विसरू नका. डिसेंबरात शाळा चालू असते, पण सात दिवसांत अभ्यासक्रमाचं काही पुढे सरकत नाही, उलट गुरुजींचा आठवडा विस्कटतो. शाळेसाठी काही करायचंच असेल तर वाचनालयाच्या पुस्तकांची नोंदवही करणं, फाटकी पुस्तकं बांधणं, हात धुण्याच्या नळांची दुरुस्ती, कुंपण अशी संपणारी कामं घ्या.

गाव कसं निवडायचं

पुण्यापासून दोन ते अडीच तासांपेक्षा लांब जाऊ नका. शिबिरानंतर निदान दोनदा त्या गावात परत जायचं आहे, आणि लांबच्या गावाला ते होत नाही. स्वारगेटहून भोर, राजगड, पुरंदरकडे एसटी मिळते. जुन्नर, आंबेगावच्या गाड्यांसाठी शिवाजीनगर स्थानकाच्या गाड्या सध्या कुठून सुटतात ते आधी विचारा. मेट्रोच्या कामामुळे त्या वाकडेवाडीला हलवल्या गेल्या होत्या.

पहिली भेट तिघा-चौघांनीच द्या. सरपंच आणि ग्रामसेवक यांना भेटणं आवश्यकच आहे, पण तिथेच थांबू नका. गावठाणापासून लांब असलेली वस्ती, धनगरवाडा, कातकरी पाडा, दलित वस्ती यांपैकी जे असेल तिथे पायी जा आणि पाणी कुठून आणता, उन्हाळ्यात काय करता, हे बायकांना विचारा. सरपंचांनी सुचवलेलं काम आणि या बायकांनी सांगितलेली अडचण यांचा मेळ बसला तर गाव योग्य. चर (उतारावर पाणी अडवून मुरवायला खणलेली लांब नाली) खणल्यावर कोणाच्या विहिरीला पाणी वाढणार, हा प्रश्न सरळ विचारा. फायदा एकाच घराच्या शेताला होणार असेल, तर बाकीचं गाव शिबिरात येणार नाही आणि येऊही नये.

दुसऱ्या भेटीत काम ठरवा, जागा मोजा आणि कागद करा. जमीन खासगी असेल तर सातबारा बघून सगळ्या खातेदारांची लेखी संमती घ्या. एका भावाने हो म्हटलं आणि दुसऱ्याने तिसऱ्या दिवशी काम अडवलं, असं फार होतं. गायरान असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव हवा. डोंगराचा वरचा भाग बहुधा वनखात्याचा असतो. तिथे वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या लेखी परवानगीशिवाय एक टिकावही मारता येत नाही. ही परवानगी सावकाश मिळते, म्हणून दोन महिने आधी अर्ज करा आणि तिच्याशिवाय चालेल अशी दुसरी जागा हाताशी ठेवा. जत्रा कधी, लग्नाच्या तिथी कोणत्या, हेही याच भेटीत विचारा. चैत्र-वैशाखात गावाची जत्रा असेल त्या आठवड्यात तुमच्याकडे बघायला कोणालाच वेळ नसतो.

काम किती होईल, याचा खरा हिशोब

सलग समतल चराचं उदाहरण घेऊ, कारण सर्वांत जास्त शिबिरांत हेच काम असतं. चर ६० सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर खोल धरला तर एक मीटर लांबीत ०.१८ घनमीटर माती निघते, म्हणजे एका भरण्यात १८० लिटर पाणी मावतं. सवय नसलेली दोन मुलं मुरमाड जमिनीत सकाळच्या चार तासांत सुमारे तीन मीटर चर नीट काढतात. चाळिसांपैकी पाच जण स्वयंपाकाला, दोघे पाणी आणि औषधपेटीवर, तिघे पाहणीला किंवा आजारी. उरले तीस, म्हणजे पंधरा जोड्या आणि दिवसाला ४५ मीटर. येण्याचा आणि जाण्याचा दिवस सोडला तर कामाचे पाच दिवस. एकूण २२५ मीटर चर, त्यात मावणारं पाणी सुमारे ४०,००० लिटर.

पोकलेन यंत्र एवढं काम एका दिवसाच्या आत उरकतं. ही गोष्ट मुलांपासून आणि गावापासून लपवू नका. त्यातूनच कामाची जागा ठरते. यंत्र जिथे पोचत नाही अशी चढाची टेपाडं, झऱ्याच्या वरचा तुकडा, वाडीच्या मागचा माळ, अशी जागा घ्या. रस्त्यालगतच्या सपाट माळावर चाळीस मुलांना राबवणं हा त्यांच्या घामाचा अपव्यय आहे.

दुसरी गोष्ट, पाचशे मीटरचा संकल्प करून अर्धवट चर टाकून येण्यापेक्षा दोनशे मीटर पूर्ण करा. अर्धवट चर पहिल्या पावसात ओहळ बनतो आणि होती ती मातीही वाहून नेतो.

चराची आखणी: एवढी एक गोष्ट चुकली तर बाकी सगळं वाया

चर समपातळीत असेल तरच त्यात पाणी थांबतं. डोळ्यांनी पातळी कधीही कळत नाही, उतार आपल्याला फसवतो. त्यासाठी ए-फ्रेम बनवा. सारख्या लांबीच्या दोन सरळ काठ्या घ्या, प्रत्येकी सुमारे दोन मीटर. त्या वरच्या टोकाला नटबोल्टने जोडा, पाय पसरा आणि मध्यावर एक आडवी पट्टी घट्ट बांधा. वरच्या टोकापासून सुतळीला वजनदार दगड बांधून ओळंबा सोडा. सुतळी आडव्या पट्टीच्या खालपर्यंत आली पाहिजे.

आता खूण करायची. फ्रेमचे दोन्ही पाय जिथे टेकले तिथे खुंट्या मारा आणि सुतळी पट्टीला जिथे छेदते तिथे पेन्सिलने रेघ ओढा. मग फ्रेम उलटी फिरवा. डावा पाय उजव्या खुंटीवर, उजवा डाव्या खुंटीवर. पुन्हा रेघ ओढा. दोन रेघांचा बरोबर मध्य ही समपातळीची खूण. ही उलटापालट न करता नुसता पट्टीचा मध्य मोजून खूण करणारे पुष्कळ असतात. काठ्या किंचित जरी कमीजास्त असल्या तरी त्यांचा प्रत्येक चर एका बाजूला कलतो.

डोंगरावर एक पाय पहिल्या खुणेवर ठेवा, दुसरा वर-खाली सरकवत सुतळी मधल्या खुणेवर आणा, तिथे फक्की (खुणेची पांढरी पूड) टाका आणि पुढे चला. पाय गवताच्या चुडावर किंवा सुट्या दगडावर टेकू देऊ नका. वारा असेल तर ओळंब्याचा दगड आणखी जड घ्या आणि सुतळी थांबेपर्यंत थांबा. दोन मुलं धरायला, एक फक्की टाकायला, असे तिघे पुरतात. ही आखणी शिबिराच्या पहिल्या दिवशी करायची नाही. आधीच्या शनिवार-रविवारी जाऊन निदान पहिल्या दोन दिवसांच्या कामाची आखून ठेवायची. नाहीतर पहिल्या सकाळी तीस मुलं टिकाव घेऊन उभी राहतात.

काम माथ्याकडून पायथ्याकडे न्या. वरचा चर आधी झाला नाही तर वरून येणारं सगळं पाणी खालच्या चरावर येतं आणि तो फुटतो. निघालेली माती नेहमी उताराच्या खालच्या बाजूला, चराच्या काठापासून वीतभर जागा सोडून टाका. अगदी काठावर टाकलेली माती पावसात परत चरातच येते. चर सलग म्हटला तरी दर सात-आठ मीटरवर अर्धा मीटर जमीन न खणता तशीच सोडा. आखणीत थोडी चूक राहिली तर पाणी एका टोकाला धावत नाही, प्रत्येक तुकड्यात वेगळं थांबतं. पहिल्यांदा काम करणाऱ्या गटाने ही खबरदारी घ्यावीच. दोन ओळींमधलं अंतर उतारावर आणि मातीवर ठरतं, ते गावच्या कृषी सहायकांना जागेवर आणून विचारा.

काळ्या खोल जमिनीत आणि फार तीव्र उतारावर चर काढू नका. वस्तीच्या वरच्या चढावर तर अजिबात नको. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. पश्चिमेकडच्या वाड्यांवर लोक पावसाळ्यात डोंगराकडे भीतीने बघतात, आणि ती भीती रास्त आहे. घरांच्या डोक्यावर पाणी मुरवायचा प्रयोग विद्यार्थ्यांच्या गटाने करायचा नसतो.

वनराई बंधारा

दिवाळीनंतरच्या शिबिराला हे उत्तम काम. मोहन धारिया यांनी उभ्या केलेल्या पुण्याच्या वनराई संस्थेमुळे या बंधाऱ्याला हे नाव मिळालं. सिमेंटची रिकामी पोती माती-वाळूने भरून वाहत्या ओढ्यावर आडवी रचायची, एवढीच कल्पना. आठ मीटर रुंद ओढा, बंधाऱ्याची उंची एक मीटर, तळाची रुंदी दोन मीटर आणि माथ्याची ६० सेंटीमीटर धरली तर साधारण साडेदहा घनमीटर भर लागतो. दोन तृतीयांश भरलेल्या पोत्यात सुमारे २५ लिटर भर बसतो. म्हणजे सव्वाचारशे पोती, फाटकी धरून साडेचारशे जमवा. पुण्यातल्या बांधकामांवर रिकामी पोती मिळतात, पण महिनाभर आधीपासून सांगून ठेवावं लागतं. ऐनवेळी पन्नाससुद्धा मिळत नाहीत.

पोतं गच्च भरू नका. गच्च पोतं गोल होतं, शेजारच्याला चिकटत नाही आणि फटीतून पाणी जातं. दोन तृतीयांश भरून सुतळी आणि दाभणाने तोंड शिवा. आधी ओढ्याच्या तळातली वाळू-गोटे काढून पक्क्या थरापर्यंत जा, नाहीतर पाणी बंधाऱ्याखालून निघून जातं. वीटकामासारखे सांधे चुकवत थर लावा. दोन्ही टोकं काठात निदान अर्धा मीटर घुसवा, कारण बंधारे मध्ये क्वचितच फुटतात, बाजूने फुटतात. जास्तीचं पाणी माथ्यावरून जायला मधला भाग पोत्याभर खाली ठेवा. भरलेलं पोतं ३५ ते ४० किलोचं होतं. ते दोघांनी उचलायचं, एकट्याने कधीच नाही. शक्य तिथे रिकामं पोतं जागेवर नेऊन घमेल्याने भरा.

हे पोतं प्लास्टिकच्या धाग्यांचं असतं. उन्हाने त्याचे तुकडे होतात आणि पावसाळ्यात ते खाली नदीत जातात. म्हणून मे अखेर पोती काढून आणायला चार-पाच जण कोण जाणार, हे बंधारा घालतानाच ठरवा.

हत्यारं

पंधरा जोड्यांना १५ टिकाव, १५ फावडी, २५ घमेली, ४ पहारी, टिकावाचे ५ जादा दांडे, ३० मीटरचा टेप, सुतळीची दोन बंडलं आणि १० किलो फक्की. रविवार पेठेत, बोहरी आळीच्या आसपास हे सगळं एका फेरीत मिळतं. पण आधी ग्रामपंचायतीकडे आणि गावातल्या घरांत काय आहे ते विचारा, निम्मं तिथेच निघतं. गावातून घेतलेल्या प्रत्येक हत्यारावर रंगाने खूण करा आणि कोणाचं कोणतं ते वहीत लिहा. परत करताना झालेली गडबड गाव वर्षभर लक्षात ठेवतं.

टिकावाचा दांडा सैल असतो तेव्हा पातं उडतं. रोज काम संपल्यावर टिकाव पातं बुडेल असे पाण्यात उभे ठेवा, लाकूड फुगून घट्ट बसतं. सकाळी एकाने प्रत्येक हत्यार हलवून तपासायचं. दोन टिकावधारींमध्ये निदान तीन मीटर अंतर हवं, आणि मागून कोणी चालत आलं तर ओरडून सांगायची पद्धत पहिल्याच दिवशी लावा. हाताला फोड पहिल्या तासात येतात. जाड सुती हातमोजे प्रत्येकाने आणायचे आणि चपलेवर कामाला येणाऱ्याला परत पाठवायचं.

राहणं आणि जेवण

मुलींना आतून कडी लागणारी स्वतंत्र खोली आणि सोबत महिला प्राध्यापक, यात तडजोड नको. संडास पंधरा जणांमागे निदान एक. शाळेचा संडास बंद असेल, दार नसेल, टाकी फुटकी असेल, हे दुसऱ्या भेटीत दार उघडून बघा, विचारून समाधान मानू नका. सॅनिटरी पॅड गावात टाकायचे नाहीत. बंद डब्यात जमवून पुण्याला परत आणायचे.

शिध्याचा अंदाज माणशी एका वेळेला असा: तांदूळ ८० ग्रॅम, पीठ १०० ग्रॅम, डाळ ४० ग्रॅम, भाजी १५० ग्रॅम, नाश्त्याला पोहे ७० ग्रॅम. पंचेचाळीस जणांना दिवसाला तांदूळ सुमारे ७ किलो, पीठ ९ किलो, डाळ साडेतीन किलो, पोहे तीन-सव्वातीन किलो. राबल्यावर मुलं दुसऱ्या दिवसापासून घरच्यापेक्षा जास्त खातात, म्हणून तांदूळ-पीठ दहा टक्के जास्त धरा. धान्य आणि डाळी मार्केटयार्डातून आणणं स्वस्त पडतं. भाजी, दूध, गूळ, तेल मात्र गावातूनच घ्या.

भाकरी-पोळ्या मुलांनी करायच्या असं शिबिरांत ठरतं आणि दुसऱ्या रात्री अकराला जेवण होतं. एका वेळेला पावणेदोनशे पोळ्या लागतात. हे काम गावातल्या महिला बचत गटाला रीतसर मजुरी ठरवून द्या. पैसे रोजच्या रोज आणि त्यांच्याच हातात. मुलांनी भाजी चिरणं, वाढणं, भांडी घासणं सांभाळायचं. पहिल्या संध्याकाळी शिजवायला सोपी खिचडीच ठेवा, कारण सामान लावण्यात वेळ जातो. कोणी फुकट जेवण देतो म्हणालं तर एखाद्या वेळचं आनंदाने घ्या. रोजचं घेऊ नका, कारण त्याची भरपाई गावात कोणाला तरी करावी लागते.

वाहतुकीसाठी एसटीच्या आगारात प्रासंगिक करारावर बस मिळते. अर्ज आगार व्यवस्थापकांकडे लवकर द्या. घाटरस्ता आणि वाडीचा फाटा मोठ्या बसला पुरेल का, हे त्याच रस्त्याने येजा करणाऱ्या चालकाला विचारा. हत्यारं आणि शिधा टेम्पोने आदल्या दिवशी पोचवा.

दिवसाची आखणी

थंडीत सकाळी साडेसात ते साडेअकरा काम. मे महिन्यात सहाला सुरू करून साडेनऊला थांबायचं, त्यापुढे ऊन माणसाला आडवं पाडतं. दुपारी विश्रांती, त्यानंतर वस्त्यांवर पाहणी किंवा एखादं व्याख्यान. बाहेरचे पाहुणे रोज एक बोलावण्याची हौस आवरा. तीन व्याख्यानं पुष्कळ झाली, त्यातलं एक गावातल्याच जाणत्या शेतकऱ्याचं ठेवा. संध्याकाळी लोक शेतावरून येतात आणि गुरांची धारपाणी होते, तेव्हा आठच्या आधी कार्यक्रम लावू नका. भोंग्याचा आवाज बेताचा ठेवा, घरात लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतात.

जुने कपडे वाटायचा कार्यक्रम करू नका. रांगेत उभं राहून कोणाचे तरी उतरलेले कपडे घेणं माणसाला अपमानाचं वाटतं, आणि ते योग्यच आहे. लहान मुलांचे फोटो आईबापांना विचारल्याशिवाय काढू नका.

जिवाला धोका कशाने होतो

सर्वांत मोठा धोका पाण्याचा. पानशेत, वरसगावच्या जलाशयात, विहिरीत, बंधाऱ्यात पोहणं पूर्ण बंद, पोहता येणाऱ्यांनाही. शिबिराच्या नियमांत हा पहिला नियम ठेवा आणि पालकांच्या संमतिपत्रावरही लिहा.

जमिनीवर झोपणाऱ्यांना रात्री मण्यार चावते. दंश दुखत नाही, खूणही धड दिसत नाही, आणि सकाळी पोट दुखून पापण्या जड होतात. मच्छरदाणी अंथरुणाखाली सगळ्या बाजूंनी खोचून झोपणं हा सर्वांत भरवशाचा उपाय. नाग, घोणस आणि फुरसे हे बाकीचे तीन मुख्य विषारी साप. दंश झाला तर अवयव हलू द्यायचा नाही, चिरायचं नाही, करकचून बांधायचं नाही, मांत्रिकाकडे न्यायचं नाही. १०८ ला फोन करून थेट रुग्णालय. सर्पदंशाची लस जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे की ग्रामीण रुग्णालयातच, हे आधी प्रत्यक्ष जाऊन विचारा आणि तिथवर गाडीला किती वेळ लागतो ते मोजा. एक गाडी आणि चालक चोवीस तास मुक्कामी हवाच. दगड उचलताना विंचू निघतात. लाल विंचवाच्या विषावर प्राझोसिनचा उपचार महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामामुळे सर्वदूर पोचला. दंशानंतर घाम सुटला, छाती धडधडली, हातपाय गार पडले तर क्षणभर थांबू नका. दगड आधी पहारीने उलटा, मग हात लावा.

उन्हात काम करताना तहान लागायची वाट बघू नका, दर वीस मिनिटांनी घोटभर पाणी पाजायला एक जण नेमा. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. कोणी बरळायला लागलं किंवा अंग तापून चक्कर आली तर सावलीत आडवं करून ओल्या फडक्याने गार करा आणि लगेच रुग्णालय गाठा. मे महिन्यात दुपारनंतर वळवाचे ढग येतात. गडगडाट ऐकू आला की लोखंडी हत्यारं खाली टाकून डोंगरावरून उतरायचं, झाडाखाली थांबायचं नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूरच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर असतो, तिथे अंधारात एकट्याने बाहेर जायचं नाही, संडासलासुद्धा नाही.

जवळच्या पोलीस ठाण्याला शिबिराचं पत्र, मुलांची यादी, रक्तगट आणि पालकांचे फोन क्रमांक आधी द्या. सात दिवसांचा अपघात विमा काढा.

गडावर काम करायचं असेल तर

पुण्याच्या मुलांना गडांची ओढ असते. राजगड, शिवनेरी, लोहगड हे २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत आले आहेत. संरक्षित गडावर पुरातत्त्व खात्याच्या लेखी परवानगीशिवाय खणणं, टाक्यातला गाळ काढणं, पडलेले दगड पुन्हा रचणं, चुना लावणं हे सगळं बेकायदेशीर आहे आणि हेतू चांगला असला तरी त्याने पुरावे नष्ट होतात. प्लास्टिक गोळा करून पायथ्याला आणणं, पायवाटेच्या कडेचा कचरा काढणं एवढंच घ्या. कातळावर आग्यामोहोळ असेल त्या बाजूला धूर, अत्तर, आरडाओरडा नको.

शिबिराचा अनुभव नसलेल्या गटाने आधी एखाद्या चालू छावणीत जाऊन यावं. बाबा आमट्यांच्या प्रेरणेने चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला मे महिन्यात श्रमसंस्कार छावणी भरते. तिथे काम, स्वच्छता आणि वेळ यांची शिस्त बघायला मिळते.

शेवटचा दिवस आणि त्यानंतर

निरोपाच्या दिवशी सकाळी काम ठेवू नका. उधारी, हत्यारं, भांडी परत करायची आणि वापरलेल्या खोल्या व संडास घासून द्यायचे. ग्रामपंचायतीला एका पानाची नोंद द्या: किती मीटर चर, कुठे, कोणाच्या जमिनीत, काय अपूर्ण राहिलं. २६ जानेवारी किंवा १ मेच्या ग्रामसभेत ते पान वाचलं जाईल, असं सरपंचांशी ठरवा.

पहिली पाहणी जून-जुलैत, पहिला जोराचा पाऊस झाल्यावर आठवड्याच्या आत. कुठे चर फुटला, कुठे पाणी एका टोकाला गेलं, कुठे माती परत आत आली, हे जागेवर बघा. फुटलेल्या ठिकाणी खालच्या बाजूने दगडाची पिचिंग करून, म्हणजे दगड घट्ट रचून, मातीने बंद करता येतं, चार जणांचं दोन तासांचं काम. झाडं लावायची असतील तर याच फेरीत, चराच्या मातीच्या बांधावर लावा. दुसरी पाहणी पावसाळा संपल्यावर. खालच्या दोन-तीन विहिरींची पाणीपातळी शिबिराच्या वेळी दोरी सोडून मोजली असेल तर त्याच दिवसांत पुन्हा मोजा. एका वर्षाच्या फरकावरून निष्कर्ष काढू नका, पाऊस कमीजास्त असतो. आकडे मात्र वहीत लिहून ठेवा.

आखणीचा कच्चा नकाशा, संमतिपत्रांच्या प्रती, शिध्याचा झालेला खर्च, कामाचा कोणता फोटो कुठून काढला याची यादी आणि गावातल्या संपर्काची माणसं, एवढं सगळं एका फायलीत घालून पुढच्या वर्षीच्या गटप्रमुखांना ऑगस्टमध्येच द्या. एकक सांभाळणारे कार्यक्रम अधिकारी बदलतात, मुलं पास होऊन जातात, आणि ही फाइल नसेल तर पुढचा गट त्याच गावात पुन्हा पहिल्या भेटीपासून सुरुवात करतो.